व्याख्यानं बघावीत की वही भरावी?

बारावीनंतर विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राची आणि गणिताची घरीच तयारी करायची, तर हाताशी दोन वाटा असतात: व्हिडिओ व्याख्यानं, किंवा पुस्तक आणि कोरी वही.

व्याख्यानांची सोय मोठी. आयआयटी आणि आयआयएससीने २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमावर अख्खे कोर्स फुकट बघता येतात. जवळपास चांगला शिक्षक नसेल, तर हा आधार खराच. नवी संकल्पना पहिल्यांदा भेटते तेव्हा फळ्यावर आकृती उमटताना बघण्याची सर पुस्तकाला नाही.

पण गणित नुसतं बघून येत नाही. स्प्रिंगला टांगलेलं वजन घ्या, त्याला वेगाच्या प्रमाणात अवरोध होतोय. व्याख्यानात त्याच्या हालचालीचं समीकरण दहा मिनिटांत सुटतं आणि सगळं समजल्यासारखं वाटतं. वहीत आपण स्वतः उकल घातांकी (e च्या घातातली) मानली, की एक वर्गसमीकरण निघतं. मुळं संमिश्र (उणे एकाचं वर्गमूळ असलेली) आली तर वजन हेलकावे खात खात थांबतं. वास्तव आली तर हेलकावे न खाता जागेवर परततं. संमिश्र संख्या कशासाठी शिकलो, हे मला त्या पानावर कळलं.

पुस्तक सावकाश चालतं, आणि अडलं तर विचारायला कुणी नसतं. म्हणून मागे उत्तरं असलेलंच घ्या.

माझा कौल वहीलाच. तासभर व्याख्यान बघितलंत, तर दोन तास सोडवायला बसा. सीमेची (लिमिटची) काटेकोर, एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या तर लिहून लिहूनच पचते.