एनजीसी ३४६ की एनजीसी १२१?

नाशिकहून छोटा मॅगेलन मेघ दिसत नाही. अंजनेरीवर चढलात तरी ही बटू दीर्घिका क्षितिजाखालीच राहते. पण हबल अवकाश दुर्बिणीने टिपलेले तिचे हे दोन तारकागुच्छ (एनजीसी म्हणजे खगोलसूचीतला क्रमांक) शेजारी ठेवून बघाच.

एनजीसी ३४६ जेमतेम ३० लाख वर्षांचा. झुबक्या-झुबक्यांनी वायूत विखुरलेला. निळे, तप्त तारे भोवतालचा ढग पोखरताहेत, त्यात नवे तारे अजून जन्मताहेत.

एनजीसी १२१ सुमारे १०.५ अब्ज वर्षांचा, गोल, मध्याकडे दाट. जड तारे केव्हाच संपले. उरले तांबूस राक्षसी आणि मंद, हलके तारे. ताऱ्यांच्या रंग-तेजाच्या आलेखात मुख्य क्रमावरून (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांच्या पट्ट्यावरून) तारे कुठे वळतात, यावरून हे वय निघतं.

देखणा पहिला, पण मला दुसराच मोलाचा वाटतो: या दीर्घिकेतला सर्वांत जुना गुच्छ तोच.