कथा लिहून झाली, आता दाखवायची कोणाला?

शेजारच्या मुलीने परवा दोनशे पानी रजिस्टर आणून माझ्यापुढे ठेवलं. "काका, तीन कथा झाल्या. आता कोणाला दाखवू?" पर्याय तिचे तिनेच मोजून आणले होते: रविवारी जमणारा लिहिणाऱ्यांचा गट, एखादा जाणता वाचक, नाहीतर सरळ दिवाळी अंक. आईला दाखवून झालं होतं. आई म्हणाली, "छान आहे गं, पण नवरा इतका वाईट कशाला दाखवला?" म्हणजे घरच्यांचा विषय तिथेच मिटला. ते कथेत कथा वाचत नाहीत, आपल्याला शोधतात.

अशा एका गटात मी चार वर्षं बसलो. आम्ही सहा-सात जण, कोणाच्या तरी गच्चीवर, तर्री-पोहे झाले की वाचायला सुरुवात. गटात कथा कानाने तपासली जाते, आणि कानाला सगळ्यात आधी खोटा संवाद टोचतो. माझ्या कथेतला नागपूरच्या सीताबर्डीचा ऑटोवाला म्हणत होता, "मी तुझी वाट पाहत आहे." वाचताना माझीच जीभ अडखळली आणि तोंडून निघून गेलं, "तुही वाट पाहून राह्यलो ना बे." सगळे हसले. कागदावर ते वाक्य नव्हतंच. तिथल्या तिथे पेन काढून बदललं. एकट्याने मनात दहा वेळा वाचलं असतं तरी ते मला दिसलं नसतं.

पण गटाचे तोटेही मोजा. ज्याचा आवाज चांगला त्याची कच्ची कथाही खपून जाते. सात जण सात शेवट सुचवतात, आणि घरी येईपर्यंत आपला आठवा कोणता होता तेच आठवत नाही. शिवाय तू माझ्या कवितेला वाहवा दे, मी तुझ्या कथेला देतो, हा व्यवहार चार-सहा महिन्यांत नकळत सुरू होतो. मे महिन्यात तर गच्ची सोडून खोलीत बसावं लागतं आणि कूलरच्या घरघरीत निम्मी कथा कोणाला ऐकूच जात नाही. दाद मात्र पूर्ण मिळते.

जाणता वाचक म्हणजे लेखकच हवा असं नाही. भरपूर वाचलेला, तुमचा नातेवाईक नसलेला आणि स्पष्ट बोलून संबंध बिघडतील याची फार फिकीर नसलेला माणूस. मला असे एक निवृत्त मास्तर भेटले. कथेची झेरॉक्स दिली. महिन्याभराने परत आली. सुरुवातीची दीड पानं फुटाळा तलावावरचा पाऊस होता, माझ्या मते कथेतला सगळ्यात देखणा भाग. त्यावर एकही खूण नव्हती. दुसऱ्या पानाच्या मध्ये पेन्सिलीची आडवी रेघ आणि शेजारी तीन शब्द: इथून सुरू झाली. दोन दिवस राग धरला. तिसऱ्या दिवशी तलाव काढून टाकला.

अशा माणसाला "कशी वाटली?" विचारू नका. तो "बरी आहे" म्हणेल आणि तुम्ही दोघंही मोकळे. कुठे कंटाळलात, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, कोणतं पात्र नावाने आठवतं, एवढंच विचारा. अडचण एकच, एका माणसाची एकच आवड असते. माझ्या मास्तरांना शेवटी पात्रं सुधारलेली लागत, तो सल्ला मी दर वेळी नमस्कार करून बाजूला ठेवत असे.

वृत्तात कविता लिहिणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. मात्रा चुकली, काफिया म्हणजे गझलेतलं यमक जमलं नाही, हे जाणकार बोट ठेवून दाखवू शकतो. सुरेश भटांनी नव्या गझलकारांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, ती शक्य झाली कारण त्या चुकांना नियम आहेत. तेव्हा गझल लिहीत असाल तर गटाच्या टाळ्यांआधी जाणकार गाठा. कथेला असली बाराखडी नाही.

आता दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून नव्या लेखकाला छापून येण्याचं स्वप्न पावसाळ्यातच पडतं, कारण साहित्य तेव्हाच मागवतात. पण संपादकाचं काम निवडायचं, शिकवायचं नाही. कथा नाकारली तर का नाकारली हे सहसा कळत नाही. पूर्वी निदान 'साभार परत'ची चिठ्ठी यायची, आता बहुतेक वेळा नुसती शांतता. एका अंकाने माझी कथा घेतली, तर त्या ऑटोवाल्याचं "पाहून राह्यलो" मला न विचारता पुन्हा "पाहत आहे" करून छापलं. तेव्हापासून सोबतच्या पत्रात एक ओळ घालतो: संवादातली बोली आहे तशीच ठेवावी. कथा युनिकोडमध्ये टाइप केलेली असावी, वहीच्या पानांचे फोटो नकोत. आणि एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नये.

फी घेणाऱ्या कार्यशाळांबद्दल इतकंच: तुमचं स्वतःचं पान कोणी वाचणार असेल तरच पैसे भरा.

जाणता वाचक आणायचा कुठून, हा तिचा पुढचा प्रश्न. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था, 'युगवाणी' हे नियतकालिक तिचंच. तिथल्या कार्यक्रमांना जाऊन मागच्या रांगेत बस म्हटलं. भाषण संपल्यावर जो माणूस वक्त्याला नेमका प्रश्न विचारतो, त्याच्याशी चहाच्या वेळी बोल. कथा पहिल्या भेटीत पुढे करू नकोस.

तिची पहिली कथा जवळपास सगळी दोन जावांच्या भांडणावर आहे, ती गटात मोठ्याने वाचायची. तिसरी लांबलचक, मध्येच कुठेतरी हरवलेली, तिला पेन्सिलवाला माणूस हवा. दिवाळी अंकाला यंदा काही नाही. यावर तिचं तोंड पडलं. दुसरी कथा मी वाचायला ठेवून घेतो म्हटलं तेव्हा जरा खुलली, आणि दारातून वळून म्हणाली, "काका, दीड पान काढायचं असलं तर आधी फोन करा."