पाच लिटरचा प्रेशर कुकर : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बाहेरून झाकण बसणारा, ॲल्युमिनियमचा, पाच लिटरचा हा कुकर आम्ही दिवाळीच्या सुमारास लातूरच्या गंजगोलाईतील भांड्यांच्या एका दुकानातून घेतला. घरात माणसे बरीच असल्यामुळे तो दोन्ही वेळा गॅसवर चढतो. रोज तुरीचे वरण आणि भात, अधूनमधून हरभरे आणि सणावाराला पुरणाची डाळ एवढे काम त्याने आजवर चोख केले आहे. बूड जाड आहे, डाळ खाली लागत नाही आणि गॅसही बेताने जळतो. तरीही शिट्टी किती लवकर होते यापेक्षा आतली वाफ कोणकोणत्या वाटेने सुरक्षितपणे बाहेर पडू शकते, हे पाहून कुकर निवडावा, असे माझे मत या काळात पक्के झाले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचे बहुतेक सारे कोणत्याही कुकरला लागू पडते.

कुकरच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोने जास्त असतो आणि त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. डाळ झटपट शिजते ती याच कारणाने. हाच हिशेब झाकणाला लावला, तर २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून ३०० किलोंच्या आसपास भार येतो. बाहेरच्या झाकणाच्या कुकरमध्ये हा सगळा भार झाकणाच्या आणि भांड्याच्या काठावरच्या, एकमेकांत अडकणाऱ्या पाकळ्या पेलतात. त्या पूर्ण अडकल्या आहेत की नाही, हे आपल्याला कळते ते फक्त दोन्ही दांडे एकावर एक बरोबर आले की नाही यावरून. आतल्या झाकणाच्या कुकरमध्ये दाब झाकणाला आतूनच काठाशी दाबून धरतो, त्यामुळे तिथे दांड्यावर एवढी भिस्त नसते.

आमच्या कुकरमधला दोष नेमका या दांड्यात निघाला. तीन-चार महिन्यांनी झाकणाचा दांडा किंचित हलू लागला. स्क्रू आवळला की दोन दिवस बरे चाले आणि पुन्हा ढिला पडे. स्क्रू बाहेर काढून पाहिल्यावर दिसले की, झाकणावरच्या पट्टीतील आटे मुळातच उथळ कापलेले होते आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर स्क्रूला धरायला काही उरतच नव्हते. दांडा हलत असल्यामुळे तो वरून खालच्या दांड्याशी जुळलेला दिसे, पण पाकळ्या मात्र निम्म्याच अडकलेल्या असत. दुकानदारांचे म्हणणे होते, "ताई, घट्ट करा आन् वापरा की, समद्यांचेच ढिले होतेत." मी ते मान्य केले नाही. स्क्रू झिजून ढिला होणे वेगळे आणि आटेच नीट न कापणे वेगळे. दुसरा प्रकार हा कारखान्यातला दोष आहे. पावती आणि पट्टीचा जवळून काढलेला फोटो दाखवल्यावर बऱ्याच दिवसांनी झाकण बदलून मिळाले. तोवर सासूबाईंनी कुकर माळ्यावर ठेवून पातेल्यात डाळ शिजवली, आणि तेच योग्य होते.

दुसरी गोष्ट आमच्या भागातल्या पाण्याची. बोअरचे पाणी जड असते, त्यातले क्षार भांड्याच्या आत पांढरे साचतात, तसेच ते शिट्टीखालच्या वाफनळीतही साचतात. झाकण धुतल्यावर नळी खिडकीकडे धरून आरपार पाहण्याचा नेम मी पहिल्यापासून ठेवला आहे. एकदा तिच्या आत पांढरट कड दिसली आणि त्या कडेला तुरीचे एक टरफल आडवे चिकटले होते. भोक जवळजवळ निम्मे बुजले होते, पण शिट्टी तरीही नेहमीसारखी होत होती, त्यामुळे आवाजावरून काहीही कळले नसते. नळीत लिंबाचा रस सोडून थोडा वेळ थांबल्यावर आणि बारीक तार फिरवल्यावर ती मोकळी झाली. डाळीला फेस येतो म्हणून डाळ, हरभरे वगैरे शिजवताना कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, इतर पदार्थांना दोन तृतीयांशापर्यंत चालते.

वाफनळी बुजलीच तर पुढचा आधार सेफ्टी व्हॉल्व्हचा. त्यातला मिश्रधातू ठरावीक उष्णतेला वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तो उडाला की लोक वैतागतात, आणि काही दुरुस्तीवाले तिथे साधा स्क्रू बसवून देतात किंवा भोक चिकटद्रव्याने बुजवतात. असा कुकर घरात अजिबात ठेवू नये. दाब फारच वाढला तर झाकणाच्या कडेच्या खाचेतून रबरी रिंग बाहेर फुगते आणि वाफ तिथून निघते, म्हणून ती खाच स्वयंपाक करणाऱ्याकडे न ठेवता भिंतीकडे ठेवावी. आमची रिंग सहाव्या-सातव्या महिन्यात ताठ झाली आणि मी ती बदलली. शिट्टी उचलल्यावर वाफ यायची पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवले आहे.

खरेदीच्या वेळी आयएसआयचे नुसते चिन्ह पाहून थांबू नये. चिन्हाच्या वर 'आयएस २३४७' हा कुकरच्या मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून पाहता येतो. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरना हे मानक सक्तीचे आहे. तरीही प्रमाण नसलेले कुकर ऑनलाइन विकले गेले. त्याबद्दल २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला आणि विकलेले कुकर परत मागवून ग्राहकांचे पैसे परत करण्यास सांगितले. आठवडी बाजारात वजनावर मिळणाऱ्या कुकरवर तर पुष्कळदा कसलाच शिक्का नसतो. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादकाकडून भरपाई मागता येते. त्यासाठी पावती आणि तुटलेला भाग जपून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही करता येते.

भाजलेच तर हळद, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काही न लावता २० मिनिटे साधे थंड पाणी सोडत राहावे आणि मग डॉक्टरांकडे जावे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या आमच्या शहरात पाणी जपण्याची सवय खोल मुरलेली आहे. नळाला पाणी नसेल तर टाकीतले तांब्याने ओतावे, पण त्या वेळी हात आखडता घेऊ नये.

सुट्या भागांबद्दल सांगायचे, तर या कंपनीची मूळ रिंग आणि व्हॉल्व्ह गोलाईत मिळतात. रिंगेवर कंपनीचे नाव कोरलेले असते, ते वाचूनच घ्यावी. औसा, निलंग्याकडच्या माझ्या नातेवाइकांना मात्र गावात बिननावाच्याच रिंगा मिळतात, म्हणून लातूरला आल्यावर ते दोन रिंगा आणि एक व्हॉल्व्ह एकदमच घेऊन जातात.