डेनिमचा शर्ट ड्रेस: रोजच्या वापरातून दिलेला अभिप्राय

गुडघ्याच्या थोडा खाली येणारा, शर्टासारखी कॉलर असलेला आणि गळ्यापासून मांडीपर्यंत बटणांनी बंद होणारा निळा डेनिम ड्रेस मी बराच काळ कामाच्या ठिकाणी, प्रवासात आणि घरी वापरत आले आहे. तो इतक्या ठिकाणी चालतो याचे श्रेय मी त्याच्या रंगाला किंवा चालू फॅशनला देणार नाही. ते त्याच्या कापडाच्या वजनाला आणि शिवणीला द्यावे लागेल. असा ड्रेस निवडताना लोक आधी नक्षी आणि लांबी पाहतात. माझ्या मते सर्वांत आधी कापड हातात धरून पाहावे.

डेनिमचे वजन एका चौरस यार्डाला किती औंस या हिशेबाने सांगितले जाते. नेहमीच्या जीन्सचे कापड साधारण १२ ते १४ औंसांचे असते, तर या ड्रेसच्या लेबलवर ६ औंस, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम, असे वजन दिलेले आहे आणि कापड शुद्ध सुती आहे. जीन्सचे जाड कापड ड्रेससाठी वापरले तर पट्टा बांधल्यावर कमरेभोवती त्याचे ताठ फुगवटे उभे राहतात, बाही दुमडली की कोपराजवळ जाडजूड वळकटी होते आणि बसताना समोरची बटणपट्टी पोटापाशी उचलली जाते. याउलट चार औंसांच्या आसपासचे कापड अंगावर छान सुटते, पण खिशात काही ठेवले की लगेच ओघळते आणि दिवसाच्या शेवटी चुरगळलेले दिसते. सहा औंसांच्या या कापडात चुण्या मऊ पडतात, तरीही कॉलर आणि खांदे आपला आकार धरून ठेवतात, हे मला विशेष आवडले.

या वजनाच्या कापडात गफलत होण्याची शक्यता मात्र जास्त असते, कारण डेनिम म्हणून जे विकले जाते त्यातले बरेचसे शॅम्ब्रे असते. शॅम्ब्रेची वीण साधी, एक धागा वर आणि एक खाली अशी असते. डेनिमची वीण तिरपी असून तिच्यात निळे उभे धागे वरच्या बाजूला अधिक येतात आणि पांढरे आडवे धागे आतल्या बाजूला राहतात. म्हणून ड्रेस उलटा करून पाहावा. पृष्ठभागावर बारीक तिरप्या रेषा आणि आतून फिकट, पांढरट रंग दिसला, तर ते डेनिम आहे असे समजायला हरकत नाही. शॅम्ब्रे वाईट असते असे मुळीच नाही, उलट ते जास्त हवेशीर असते. फक्त डेनिमच्या टिकाऊपणाची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. बाही दुमडल्यावर दिसणारी आतली फिकट बाजू हा या ड्रेसचा मला आवडणारा भाग आहे, आणि दुमडलेली बाही जागेवर ठेवण्यासाठी आतून शिवलेली छोटी पट्टी व बटणही नीट बसवलेले आहे.

शर्ट ड्रेसची खरी कसोटी बटणांवर लागते. छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावर नेमके एक बटण आले नाही, तर वरच्या आणि खालच्या बटणांमध्ये फट पडते आणि दिवसभर हात तिथेच जात राहतो. या ड्रेसमध्ये वरची बटणे जवळजवळ लावलेली आहेत व एक बटण योग्य जागी येते, त्यामुळे हात वर केला तरी फट पडत नाही. छाती भरलेली असेल तर एक माप मोठे घेऊन पाठीत दोन उभे टक घालून घेणे हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो, कारण कमरेचा सैलपणा कमी करता येतो, पण मुंढा आणि छाती यांत कापड वाढवता येत नाही. खाली मात्र निराशा होते. शेवटचे बटण मांडीच्या मध्यावर संपते आणि खुर्चीवर बसले की खालचे दोन्ही काठ बाजूला सरकतात. आतून एक टिचबटण लावून घेतल्यावर ही अडचण दूर झाली, तरी ते मुळातच असायला हवे होते.

खिशांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बायकांच्या कपड्यांत खिसा शोभेपुरता शिवण्याची सवय अजूनही गेलेली नाही. अमेरिकेतील डिझायनर क्लेअर मॅकार्डेल यांनी १९४२ साली स्वतःच घरकाम करणाऱ्या गृहिणीसाठी डेनिमचा पॉपओव्हर ड्रेस, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून घालायचा सैल ड्रेस, तयार केला, तेव्हा त्यावर चांगला ऐसपैस खिसा ठेवला होता. कामाच्या कपड्याची ही गरज तेव्हाही स्पष्ट होती. या ड्रेसच्या बाजूच्या शिवणीतले दोन्ही खिसे मनगटापर्यंत हात जाईल इतके खोल आहेत. त्यांच्या आतले कापड मात्र पातळ आहे आणि जड फोन ठेवला की ड्रेस एका बाजूला ओढला जातो. छातीवरचे दोन खिसे झाकणासह आहेत. त्यांत मी काही ठेवत नाही, पण त्यांच्यामुळे समोरचा भाग रिकामा दिसत नाही.

खांद्याच्या आणि बाजूच्या शिवणी जीन्सप्रमाणे कापडाचे काठ आत दुमडून दुहेरी टीप मारलेल्या आहेत, त्यामुळे आत दोरे निघत नाहीत आणि त्वचेला काही टोचत नाही. टिपेचा दोरा कापडाच्याच निळ्या रंगाचा आहे, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. नारिंगी किंवा मोहरी रंगाच्या टिपा आणि धातूची बटणे आली की डोळ्यांपुढे लगेच जीन्स येते आणि तो कपडा बैठकीला घालायला मन धजत नाही. साध्या निळ्या टिपा आणि गडद बटणे असली की पट्टा आणि बंद बूट यांच्यासह तोच ड्रेस कार्यालयात सहज शोभतो. पट्टा न बांधता, सपाट चपलांसह, तो सुट्टीच्या दिवशी सैल अंगरख्यासारखा वाटतो. सगळी बटणे उघडी ठेवून टीशर्ट आणि पॅंटवर तो लांब जॅकेट म्हणूनही घालता येतो, आणि थंड हवेत मी तो याच प्रकारे जास्त वापरते. दमट उकाड्यात मात्र तो नकोसा होतो.

धुण्याबाबत थोडी सावधगिरी हवी. डेनिममध्ये नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, ती बाहेरच्या थरावरच बसते; म्हणूनच घर्षण होते त्या जागी कापड फिके होत जाते आणि नवेपणी रंग फिकट पिशवीला किंवा सोफ्याला लागतो. ओले पांढरे फडके आतल्या कोपऱ्यावर घासून पाहिले तर किती रंग सुटतो ते लगेच कळते. मीठ किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवल्याने ही नीळ पक्की होत नाही, तेव्हा तो खटाटोप करू नये. ड्रेस उलटा करून, बटणे लावून, थंड पाण्यात गडद कपड्यांसोबत धुवावा आणि सावलीत वाळवावा. पहिल्या धुण्यानंतर लांबी थोडी कमी झाली, म्हणून ज्यांना गुडघ्याखालचीच लांबी हवी आहे त्यांनी घेतानाच थोडे जास्त माप धरावे. इस्त्री कापड किंचित ओलसर असताना आतल्या बाजूने केली तर शिवणींवर चकाकी येत नाही.

पट्टा अडकवण्यासाठी कमरेवर दोऱ्याचे गुंफलेले बंद दिले आहेत आणि त्यांतला एक लवकरच तुटला. इतक्या चांगल्या शिवणीच्या कपड्यावर कापडाचे बंद लावणे काही अवघड नव्हते. पुढचा ड्रेस घेताना मी हेच वजन आणि हीच निळी टीप शोधेन, परंतु शेवटचे बटण गुडघ्याजवळ आहे आणि बंद कापडाचे आहेत, हे आधी तपासून घेईन.