समुद्रापार जाणाऱ्या प्रदूषणाचा अंदाज : कोपर्निकस वातावरण सेवेचे परीक्षण

समुद्रापार जाणारे प्रदूषण मोजणारे संशोधन विमान उद्या समुद्रावर कोणत्या भागात न्यायचे, हे निदान आदल्या दिवशी ठरवावे लागते, कारण हवाई मार्गाची परवानगी, इंधन आणि उपकरणांची तयारी त्यावरच अवलंबून असते. या एका गरजेच्या निकषावर मी कोपर्निकस वातावरण निरीक्षण सेवेचा हवेच्या प्रदूषणाचा जागतिक अंदाज तपासला आहे.

युरोपीय संघासाठी ही सेवा युरोपीय मध्यम पल्ल्याचे हवामान अंदाज केंद्र चालवते. दिवसातून दोनदा, पुढील पाच दिवसांसाठी, सुमारे ४० किलोमीटरच्या जाळीवर आणि उंचीच्या १३७ पातळ्यांवर अंदाज मिळतो, तोही विनामूल्य. प्रदूषित हवेचा लोट कोणत्या दिशेने आणि केव्हा जाईल, यासाठी तो खरोखर भरवशाचा वाटतो. कार्बन मोनॉक्साइड हवेत एक-दोन महिने टिकतो. त्यामुळे पूर्व आशियातून निघालेली प्रदूषित हवा प्रशांत महासागर ओलांडेपर्यंत त्याच्या आधारे ओळखता येते, आणि उपग्रहांची निरीक्षणे अंदाजाच्या सुरुवातीलाच सामावून घेतल्यामुळे तिचे स्थानही बऱ्यापैकी जुळते.

खरी अडचण उंचीची आहे. समुद्रावर पोहोचलेला लोट अनेकदा जेमतेम किलोमीटरभर जाडीचा, लांब पसरलेला पापुद्रा असतो. तो जाळीवरच्या गणितात हळूहळू विरघळतो आणि नकाशावर प्रत्यक्षापेक्षा फिकट व पसरट दिसतो. विमानाला मात्र नेमकी तीच उंची हवी असते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील वणव्यांचा धूर अटलांटिकवरील सखल ढगांना भिडतो की त्यांच्या वरून जातो, हे तपासण्यासाठी नासाने २०१६ ते २०१८ दरम्यान नामिबिया आणि साओ टोमे येथून उड्डाणे केली. तेथे अनेक संगणकीय प्रतिमानांनी धुराच्या थराचा तळ प्रत्यक्षापेक्षा खाली दाखवला होता, आणि मूळ प्रश्नच ढग व धूर यांच्यातील अंतराचा असल्याने ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही. शिवाय या सेवेत पुढील दिवसांचे वणव्यांचे उत्सर्जन प्रत्यक्ष मोजलेले नसते, तर गृहीत धरलेले असते. पाऊस पडला किंवा आग भडकली, तर चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आकड्यांवर फार विसंबू नये.

म्हणून फ्लेक्सपार्टसारखे, जाळीऐवजी हवेच्या कणांचा माग काढणारे प्रतिमान सोबतीला असावे. २००४ साली उत्तर अटलांटिकवर, एका किनाऱ्याजवळ मोजलेली हवा पुढे दुसऱ्या विमानाने पुन्हा गाठण्याचा जो अवघड प्रयोग झाला, त्यात अशाच अंदाजांचा आधार घेतला होता. आपल्या भागापुरते सांगायचे, तर हिवाळ्यात भारतीय उपखंडावरून अरबी समुद्रावर आणि पुढे हिंदी महासागरावर पसरणाऱ्या धुरक्यासाठी १९९९ च्या इंडोएक्स या हिंदी महासागरावरील संशोधन मोहिमेत उपग्रह निरीक्षणे सामावून घेणारा एरोसॉलचा, म्हणजे हवेतील सूक्ष्म कणांचा, अंदाज मालदीवमधील चमूला मार्गदर्शक ठरला होता. त्या काळाशी तुलना करता आजची सेवा फारच पुढे गेली आहे.

माझी शिफारस अशी, की दिवस आणि क्षेत्र ठरवण्यासाठी ही सेवा निःसंकोच वापरावी; उंची ठरवताना मात्र विदा (अंदाजाची आकडेवारी) उतरवून, उंचीनुसार थर दाखवणारा उभा छेद स्वतः काढावा, आणि उड्डाणाचा आराखडा त्या थराच्या वर व खाली चढउतार करता येईल असा सैल ठेवावा.