पिवळी डेझी लावायची, पण कोणती: वेडेलिया की डाहलबर्ग?

नागपुरातल्या नर्सरीत नुसती ‘पिवळी डेझी’ मागितली, की बहुधा काळ्या पिशवीतले, चकचकीत पानांचे, आडवे पसरणारे रोप हाती पडते. ती वेडेलिया. सूर्यफुलाच्याच कुळातली डाहलबर्ग डेझी रोपाच्या रूपात मला क्वचितच दिसली. तिचे बी मागवावे लागते. मी दोन्ही लावल्या आहेत आणि त्यांतली एक काढून टाकली आहे. खरे सांगायचे तर अजून काढतोच आहे.

वेडेलियाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तरी संध्याकाळचे पाणी चुकले नाही तर ती हिरवीगार राहते, आणि पावसाळ्यात आपल्या चिकट काळ्या मातीत इतर रोपांची मुळे कुजत असताना ती उलट जोम धरते. कडुनिंबाच्या सावलीतही ती जमीन झाकते, फुले मात्र तिथे कमी येतात. शेजारच्यांकडून वीतभर फांदी आणून मातीत खोचली, की लागवड संपली.

ही सोयच पुढे नडते. जमिनीला टेकलेल्या फांदीच्या पेरापेराला मुळे फुटतात. आमच्या खिडकीबाहेर कूलरचा लोखंडी स्टँड आहे आणि उन्हाळाभर ठिबकणाऱ्या पाण्यामुळे त्याखालची जमीन ओली असते. वेडेलियाचा वाफा तिथून चांगला चार फुटांवर होता. जुलैत कूलर आत घ्यायला गेलो, तर स्टँडचे चारही पाय हिरव्या जाळ्यात रुतलेले आणि एक फांदी फरशीच्या फटीतून थेट नालीच्या तोंडाशी पोचलेली. उपटायला लागलो, तर ती नेमकी पेराशी तुटे आणि मातीत राहिलेला तुकडा पंधरा दिवसांत पुन्हा पालवे. उपटलेला ढीग मी खताच्या खड्ड्यावर टाकला, तो तिथेच रुजला. मेक्सिकोपासून कॅरिबियन बेटांपर्यंत मूळ असलेली ही वनस्पती जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, हे पुढे वाचनात आले, तेव्हा मला फारसे आश्चर्य वाटले नाही. मोठ्या आवारात, जिथे कोणी वाकून पाहत नाही, तिथे हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. आमचे अंगण लहान आहे.

डाहलबर्ग टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोच्या कोरड्या मुलखातली. उंची वीतभर, पाने शेपूसारखी बारीक आणि चुरगळली की उग्र वासाची, फुले रुपयाच्या नाण्याहून लहान. तिचा दोष असा, की ती अडून बसते. बी उगवायला दोन ते तीन आठवडे घेते, काळ्या मातीत पाणी साचले की मान टाकते, आणि आमच्याकडे एप्रिल संपता संपता वाळून जाते. बारमाही हिरवळ हवी असणाऱ्याने तिच्या वाटेला न जाणेच बरे.

लावायचीच ठरवली, तर ऑक्टोबरात पाऊस पूर्ण ओसरल्यावर पेरावी. मी एक भाग काळी माती, एक भाग कन्हानची रेती आणि अर्धा भाग जुने शेणखत असे मिश्रण करून उथळ कुंडीत भरतो. बी मातीने झाकू नये, बोटांनी नुसते दाबावे, कारण त्याला उजेड लागतो. आणि झारीने पाणी घालू नये. पहिल्या वर्षी झारीच्या एका धारेने माझे निम्मे बी कुंडीच्या कडेला गोळा झाले होते. आता मी कुंडी पाण्याच्या परातीत ठेवतो आणि वरची माती काळी पडली की उचलून घेतो. रोपे दोन इंचांची झाली की वीतभर अंतराने, दिवसभर ऊन मिळेल अशा जागी लावावीत. त्यानंतर मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. माझी जेवढी रोपे मेली, ती पाणी कमी पडून नव्हे, काळजीपोटी जास्त घातल्यामुळे. जानेवारीत, रात्री अंगावर दोन पांघरुणे घ्यावी लागतात त्या दिवसांत, ती फुलू लागते आणि मार्चअखेरपर्यंत फुलत राहते.

कूलरमागची ओली, सावलीची पट्टी भरायची असेल, तर मी वेडेलियाच सुचवीन, फक्त सिमेंटच्या टाक्यात आणि दर महिन्याला कात्री चालवण्याच्या बोलीवर. उन्हातल्या कुंड्या, पायऱ्यांच्या कडा आणि रेताड वाफे यांसाठी मात्र मला डाहलबर्ग उजवी वाटते. गेल्या ऑक्टोबरात मी पेरणी करण्याआधीच तिची सातआठ रोपे पायरीलगतच्या रेतीत आपसूक उगवली होती. त्याच आठवड्यात स्टँडखाली वेडेलियाची दोन पानेही दिसली. ती मी खुरप्याने मुळासकट काढली, निदान मला तसे वाटते.