सेसना १७२ वरचा इंजिन मॉनिटर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

विमान जुनं. सेसना १७२, चार सिलिंडरचं लायकमिंग ओ-३२० इंजिन. मालकी मामेभावाबरोबर निम्मी-निम्मी, मुक्काम सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर. पैसे जमले तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "दादा, आधी गार्मिनचा जी-५ लावूया की. व्हॅक्यूम पंपाची कटकट तरी संपेल." जी-५ म्हणजे विमान क्षितिजाला किती कललंय ते दाखवणारं विजेवरचं यंत्र; जुनं तसलं यंत्र व्हॅक्यूम पंपावर चालतं. बोलणं बरोबरच होतं. ड्राय व्हॅक्यूम पंप कधी जाईल याचा नेम नसतो, जी-५ ला स्वतःची बॅटरी मिळते, आणि दिसायला तर तो झकासच. पण आम्ही उडतो दिवसा, स्वच्छ हवेत. हिडकल धरणावरून एक चक्कर, नाहीतर कोल्हापूर, फार तर हुबळी. क्षितिज काचेतून दिसतंच. दिसत नाही ते इंजिनात चाललेलं. त्यामुळे मी अडून बसलो: पहिला पैसा इंजिन मॉनिटरला.

जेपीआय, इन्साइट, इलेक्ट्रॉनिक्स इंटरनॅशनल असे दोन-चार मेक बाजारात आहेत. माझा कुठला ते सांगत नाही, कारण पुढे कुरकुर आहे, आणि ती निम्मी बसवणाऱ्याबद्दल आहे.

आमच्याकडे आधी एकाच सिलिंडरच्या हेडचं तापमान दिसायचं, तेही बोटाएवढ्या काट्यावर. आता चारही हेडची तापमानं (सीएचटी), चारही एक्झॉस्टची (ईजीटी), ऑइल आणि इंधनाचा प्रवाह एका पडद्यावर येतो, आणि सगळं मेमरीत साठतं. आमचा मॉनिटर सल्ल्यापुरत्या वर्गातला आहे, म्हणजे कायद्याने जुने काटे काढता येत नाहीत. मंजूर एसटीसी (विमानात असा बदल करायची परवानगी), एएमईची म्हणजे विमान दुरुस्तीच्या परवानाधारक इंजिनिअरची सही, लॉगबुकातली नोंद, नव्याने काढलेलं वेट अँड बॅलन्स (वजन-तोलाचा हिशेब), हे सगळं आलंच. यंत्र बसवायला जेवढा वेळ लागला त्याहून कागदांना जास्त लागला.

बसवताना एक गोष्ट उभं राहून बघा. ईजीटीचा प्रोब (तापमान मोजणारी कांडी) एक्झॉस्ट पाइपला भोक पाडून बसतो. चारही भोकं फ्लँजपासून (पाइप सिलिंडरला जोडतो तिथून) सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. आमच्या एएमई साहेबांनी फूटपट्टी लावून मार्किंग केलं. मला तिथेच बरं वाटलं.

पैसे वसूल झाले ते मॅग्नेटो चेकला. मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र; इंजिनाला असे दोन, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एका मॅग्नेटोवर टाकलं की प्रत्येक सिलिंडरमध्ये एकच प्लग पेटतो, मिश्रण उशिरापर्यंत जळत राहतं आणि चारही ईजीटी चढतात. एकदा रनवेला जाण्याआधी चेक करताना पडद्यावरच्या तीन ईजीटी पट्ट्या वर गेल्या आणि तीन नंबरची धाडकन खाली आली. आरपीएम थोडाच पडला होता, नुसत्या काट्यावर 'चालतंय की' म्हणून निघालो असतो. विमान परत वळवलं. तीन नंबरचा खालचा प्लग काढला तर तळात राखाडी, टणक मणी. शिसं! अवगॅस १००एलएल या विमानाच्या पेट्रोलच्या नावात 'लो लेड' असलं तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं त्यात चालतं. (हेच अवगॅस २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवते, त्याआधी ते बाहेरून यायचं.) एएमईंनी टोच्याने मणी उकरले, गॅप तपासला, नवीन तांब्याचा वॉशर घातला. तासाभराचं काम.

असं आपल्याकडे होण्याला कारण आहे. सांबरा समुद्रसपाटीपासून जवळजवळ अडीच हजार फुटांवर. मिश्रणाचा दांडा (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा) पूर्ण आत ठेवून जमिनीवर विमान चालवलं की पातळ हवेत पेट्रोल जास्त पडतं, प्लग थंड राहतात आणि शिसं साठतं. आता जमिनीवर आम्ही दांडा चांगलाच मागे ओढून ठेवतो, टेकऑफआधी पुन्हा सेट करतो. प्लग तेव्हापासून स्वच्छ आहेत.

एप्रिलमध्ये दुसरा धडा. दुपारी ३६ अंश असताना सांबऱ्यावरची हवा विमानाला साडेपाच हजार फुटांवरच्यासारखी लागते. चढताना चार नंबरचं हेड बाकीच्यांपेक्षा ठळक गरम, ४२० फॅरनहाइटच्या पुढे. लायकमिंगची मर्यादा ५०० आहे, पण तिथपर्यंत कशाला थांबायचं? काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं. मागच्या बॅफलची (हवेला वळवणाऱ्या पत्र्याची) रबरी पट्टी दुमडलेली, वरची हवा सिलिंडरच्या फिन्समधून न जाता तिथून पळत होती. पट्टी बदलल्यावर चार नंबर बाकीच्यांच्या रांगेत आला.

आता कुरकुर. आकडे मुळात फॅरनहाइटमध्ये, मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आयुष्य काढलेला माणूस, माझी भट्टी सेल्सिअसमध्ये चालते. सेटिंग बदलता येतं, पण इंजिनाचं मॅन्युअल फॅरनहाइटमध्ये, म्हणून नाइलाजाने तसंच ठेवलंय. संध्याकाळी पश्चिमेला तोंड असलं की पडदा धड वाचता येत नाही.

खरी कटकट जुलैत झाली. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दोन नंबरची सीएचटी एका सेकंदात पन्नास अंश उडायची आणि परत यायची. अल्युमिनियमचं एवढं मोठं हेड एका सेकंदात पन्नास अंश तापणं शक्यच नाही, म्हणजे दुखणं वायरीत. थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या वायरींच्या) जोडावर क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला सांधा, ढिला, त्यात ओल शिरलेली. फाउंड्रीतल्या पोरालाही ठाऊक असतं की थर्मोकपलची वायर लांबवायची तर त्याच जातीच्या वायरने आणि जोड कोरडा ठेवून. बसवणाऱ्याने इतके पैसे घेऊन जोडावर साधी स्लीव्ह चढवली नव्हती. एएमईंनी सगळे जोड नव्याने केले, मग आकडे शांत झाले.

मेमरीतली फाइल मी महिन्याला उतरवतो. मामेभाऊ उघडून बघत नाही, त्याला अजून जी-५ च हवाय. पुढच्या वर्षी तोही घेऊ.

घेणार असाल तर ऑर्डरमध्येच एक जादा ईजीटी प्रोब मागवा. टोक सतत ज्वाळेत असतं, ते कधीतरी जळणारच, आणि एका प्रोबसाठी वेगळं पार्सल मागवलं तर कस्टम्समध्ये किती दिवस अडकेल सांगता येत नाही.